तुरळक ठिकाणी

माझे वडील, नाना, रोज सकाळी मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून हवामान सांगायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. एकदा गारपिटीत शेजारच्या शिवारातले टोमॅटो झोडपले गेले, आणि अंदाज आदल्या दिवशीच फोनवर येऊन पडला होता, हे नंतर कळलं. कुणी वाचलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी नाना देवळात गेले, गुरवबाबांकडून माइक घेतला आणि बोलायला लागले. त्याला आता बरीच वर्षं झाली.

आमचं गाव नाशिकहून त्र्यंबक रस्त्यानं निघून आत वळलं की लागतं. झेंडू, शेवंती, टोमॅटो, कोथिंबीर. शहरातल्या देवांना फुलं आणि माणसांना भाजी पुरवायची, हा गावाचा धंदा. अंदाज आता सगळ्यांच्याच फोनवर येतो, तरी गाव नानांची वाट बघायचं. कारण फोनवर काय येतं? 'उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.' यातून आज फुलं तोडायची की झाडावर ठेवायची, हे बाईनं कसं ठरवायचं? तेवढं नाना करायचे. प्रदेशाचा अंदाज गावाच्या मापाचा कापून द्यायचे.

"हॅलो. हॅलो. राम राम मंडळी. आज आभाळ हे, पण ते नुसतं फिरायला आलंय. फवारणी करायची त्यानं करून घ्या. संध्याकाळी तुरळक ठिकाणी सांगितलाय. तुरळक म्हणजे आपण त्यात असू असं नाय, आन नसू असंबी नाय. ज्यानं त्यानं आपल्या पिकाकडं बघून ठरवा. सिन्नरकडं पाठ करून बसू नका."

हे शेवटचं वाक्य दसऱ्याच्या आसपासचं. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस त्र्यंबकच्या डोंगरावरून उतरतो, पण परतीचा पाऊस उलटीकडून येतो, सिन्नरच्या अंगानं. भर उन्हात पाठीमागून येतो आणि उमललेला झेंडू भिजवून जातो. भिजलेला झेंडू आतून काळा पडतो. म्हणून पाऊस नक्की असेल तर अर्धवट उमललेली फुलंही तोडून सावलीत पसरतात. ती पुढं फार दिवस टिकत नाहीत, पण सगळीच जाण्यापेक्षा बरं. तोडायचं की थांबायचं हा निर्णय बायका नानांच्या आवाजावर घ्यायच्या. शब्दांपेक्षाही आवाजावर. नाना 'तुरळक' कसं म्हणतात, त्यावरून.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तो आवाज बसला.

आधी सर्दी झाली. मग फवारणीचा वास घशात गेला असेल, असं म्हणून झालं. मग गुळण्या, काढे, ज्येष्ठमध. गावातल्या डॉक्टरांनी शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी आणखी मोठ्या दवाखान्यात. तिथं तपासण्या झाल्या आणि एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीवर बसायला सांगितलं. घशात कॅन्सरची गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. नंतर गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यायचा.

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," नाना म्हणाले.

"बिडी, मिश्री, काहीच नाही?"

"नाय ओ."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, पण पटल्यासारखं दिसलं नाही. नंतर हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. मावशीनं विचारला. दवाखान्याच्या लिफ्टवाल्यानं विचारला. भेटायला आलेल्या प्रत्येकानं आधी केळी ठेवली आणि मग विचारलं, "खायचे का हो?" आजारी माणसाला अपराध्यासारखं विचारायची ही कुठली पद्धत आहे? माणसानं आयुष्यभर सुपारीसुद्धा खाल्ली नाही. तोंडाला रुमाल बांधून फवारणी केली, कारण रुमालाशिवाय काही मिळालंच नाही. कशानं झालं, मी सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, काहींना होतो. तुरळक ठिकाणी. ते ठिकाण आम्ही निघालो.

मी शहरात राहते. एका छोट्या गटाबरोबर काम करते, पत्रकं लिहिते, वाटते, निवेदनं देते. त्या दिवसांत आमची मागणी होती, फुलबाजारात उन्हात बसणाऱ्या बायकांना डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी द्या. लोक पत्रक वाचून हसायचे. "उन्हाळा संपला की ताई!" पाऊस लवकर गेला होता. पितृपक्षातच असं ऊन पडलं होतं, की बाजारात बसलेल्या बायका पाटीतल्या फुलांवरचं ओलं फडकं काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवायच्या. आणि सगळे आपले 'ऑक्टोबर हीट, ऑक्टोबर हीट' करत रसवंतीच्या पंख्याखाली उभे. जणू कुठला सण आहे. वैशाखात चक्कर आली तर बातमी होते, आश्विनात आली तर त्या बाईनं सकाळी काही खाल्लं नसेल.

नाना मला 'आमच्या मोर्चेकरी' म्हणायचे. "आल्या का मोर्चेकरी? आज कोणाला पाडलं?"

ऑपरेशनची तारीख घटस्थापनेच्या सुमाराला मिळाली. मी सुट्टी काढून गावी गेले. नानांनी सकाळचं हवामान सोडलं नव्हतं. आवाज म्हणजे नुसती खरखर राहिली होती. आई पातेल्यावर पातेलं आपटून राग काढायची.

"अहो, घसा जपा जरा. गावाला फोन आहेत, घेतील वाचून."

"जपून कुठं ठेवू? काढूनच घेणारेत की."

आई मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्या सगळ्या दिवसांत अंदाज एकच. कोरडं हवामान, आकाश निरभ्र, कमाल तापमानात वाढ. नाना माझ्या फोनवर तो वाचायचे, कारण त्यांच्या फोनची काच फुटलेली होती. वाचून झालं की जरा वेळ फोन हातातच धरायचे, जणू खाली अजून एखादी ओळ येईल. त्यांना काय हवं होतं, हे ते बोलले नाहीत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भोंग्यावरून 'उठा मंडळी, पाऊस येतोय, आवरा' असं सांगताना नानांचा आवाज वेगळाच लागायचा. लग्नात वरात आल्याची वर्दी द्यावी तसा. आवाज जायच्या आधी त्यांना एकदा तसं बोलायचं होतं. एवढंच. आणि आभाळात कापसाएवढा ढग नव्हता.

एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "नाना, आमच्यासाठी काहीतरी बोलून ठेवा. मी रेकॉर्ड करते."

"काय बोलू?"

"काहीही. मनातलं. मला हाक मारा नुसती."

नानांनी हात झटकला. "मेल्या माणसासारखं भरून नको ठेवू मला. मी मरणार नाय, नुसता गप होणारे. आन तू काम सोडून ऐकत बसशील." मग घसा खाकरून, भोंग्याच्या सुरात म्हणाले, "उद्या सकाळी मोर्चेकरींच्या डोळ्याला तुरळक सरी. बाकी जिल्हा कोरडा."

मी हसले. आईसुद्धा हसली. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शेजारी पालथा ठेवला.

शेवटच्या दिवशी सकाळी नानांबरोबर मी देवळात गेले. आम्हाला त्याच दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. एरवी देवळात गुरवबाबा आणि एखादं कुत्रं असायचं. त्या दिवशी पाराभोवती माणसं उभी होती. कुणी बोलावली नव्हती. आमच्या शेताला लागून जिचं शेत आहे ती काकूही आली होती, कमरेला फुलं तोडायची झोळी बांधून तशीच. तिचा झेंडू त्या वर्षी गावात सगळ्यात चांगला होता, आणि उन्हामुळे दसऱ्याच्या आधीच उमलायला लागला होता.

मी फोन समोर धरला. नानांनी अंदाज वाचला. कोरडं.

गुरवबाबा माइकची वायर जोडत म्हणाले, "नाना, एक ऐकतो का? म्हण आज. म्हण पाऊस येतो."

"कुठं येतो?"

"नाय आला तर नाय आला. देव काय तुला फाशी देणारे का? गावाला ऐकायचंय तुझ्या तोंडून. एकदा."

पारावरची दोघं-तिघं म्हणाली, म्हणा नाना, म्हणा. मीही म्हटलं, "म्हणा ना नाना, कुणाचं काय बिघडणार आहे?"

नानांनी काकूकडे बोट केलं. "हिचं बिघडल. कळ्या तोडल ही."

"मी नाय तोडणार ओ!" काकू म्हणाली. "मला माहितीये ना खोटं हे म्हणून. तुम्ही बिनधास्त म्हणा."

"तुला माहितीये. मळ्यात बायका हेत, त्यांना कोण सांगल? मी बोललो की त्या झोळ्या बांधतात." त्यांना दम लागला. जरा थांबून म्हणाले, "इतकी वर्सं खोटं नाय बोललो ते आज कशाला बोलू? नंतर दुरुस्त करायला तोंड कुठं हे मला?"

नानांनी माइकवर बोट आपटलं, टक टक. मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभी राहिले.

"हॅलो. राम राम मंडळी. आज कोरडं. उद्याबी कोरडं. आभाळाकडं बघायचं काम नाय. ऊन लय हे. रोपाला संध्याकाळचं पाणी द्या, दुपारचं देऊ नका. आन मळ्यात, बाजारात ज्या बाया बसतात त्यांनी दुपारच्याला सावलीला बसावं, पाणी प्यावं. सावली नसल तर मागून घ्यावी. ही माझ्या पोरीची मागणी हे. बरोबर हे ती. बस. एवढंच."

आणि माइक बंद केला.

आमच्या मागण्या वर्तमानपत्रांनी छापल्या नव्हत्या. नगरसेवकानं निवेदनाची घडी करून वारा घेतला होता. आणि माझ्या बापानं आपल्या गळ्यातलं शेवटचं त्यावर खर्च केलं.

ते कुणीही रेकॉर्ड केलं नाही. दवाखान्यातून मी फोन करून एकेकाला विचारलं. माझा फोन तर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पारावरच्या प्रत्येकाच्या खिशात एकेक होता. ज्या गावात बैलाच्या वाढदिवसाचं स्टेटस ठेवतात, त्या गावात कुणालाही वाटलं नाही. एक जण म्हणाला, "भोंगा कोण रेकॉर्ड करतं गं? तो तर रोजचाच असतो." मी त्याच्यावर चिडले, फोन ठेवला. पण तो खरं बोलत होता. भोंगा उद्या पण असतो, असंच सगळ्यांना वाटतं.

ऑपरेशन नीट झालं. सगळे तसंच म्हणत होते, नीट झालं. नाना शुद्धीवर आले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. गळ्याला नळी, तिच्यातून शिट्टीसारखा श्वास. त्यांनी आईकडे बघितलं. आईनं त्यांच्या पायावरची चादर नीट केली, मग परत केली, मग परत.

चार-पाच दिवसांनी दुपारी माझ्या फोनवर इशारा आला. येत्या काही तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. मी नानांना दाखवला. ते उठून बसले. वॉर्डची खिडकी पूर्वेला होती. सिन्नरच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं. नानांनी माझं मनगट असं धरलं, की बोटं उमटली. खिडकी दाखवली. फोन दाखवला. लाव.

मी गुरवबाबांना लावला.

"इथं तर डोळे दिपतात असं ऊन हे गं पोरी."

"सिन्नरकडून चढतंय बाबा. नाना सांगताहेत. माइक लावा."

"मला नाय येत त्याच्यासारखं. तू बोल. मी फोन माइकला धरतो."

मी नानांच्या ओठांकडे बघत बोलले. पहिलं ओळखू आलं, मंडळी. मग, सिन्नर. मग दोन्ही हातांनी खुडल्यासारखं केलं, तोडा. मी तेवढं भोंग्यावरून गावाला सांगितलं. "मंडळी, सिन्नरकडून पाऊस येतोय. फुलं तोडून घ्या." नाना थांबले नाहीत. त्यांचे ओठ हलतच राहिले, भराभर, एक लांब वाक्य. मला कळेना. "काय नाना? सावकाश. परत." त्यांनी परत म्हटलं. नळीतून हवा फसफसली. त्यांनी तळहात इकडून तिकडे हलवला. मला वाटलं, पुरे म्हणताहेत. नर्स आली, म्हणाली, अहो काका, टाके आहेत, आणि त्यांना आडवं केलं. ते माझ्याकडे बघून मान हलवत राहिले.

मग पाऊस आला. खिडकीच्या काचेवर असा आपटला, की वॉर्डातले सगळे पेशंट बघायला लागले. मी म्हटलं, "नाना, आला! बघा, आला!" त्यांनी डोळे मिटून घेतले.

तो शहरावर पडला. शहरावर पडला आणि तिथंच संपला. आमच्या गावात एक थेंब नाही.

मला काकूनं संध्याकाळी फोन केला. तिनं आणि तिच्या सुनांनी सगळा झेंडू तोडला होता, अर्धवट उमललेला सगळा. माझं ऐकलं आणि झोळ्या बांधल्या. दसरा अजून काही दिवसांवर होता. ती फुलं दसऱ्यापर्यंत राहणार नव्हती, हे आम्ही दोघी न बोलता समजून होतो.

"काकू..."

"तू नको काय बोलू. मीच विचारायला हवं होतं, तुरळक का काय ते. नाना असते तर बोलले असते." मग म्हणाली, "त्यांना नको सांगू. तुला माझी शपथ हे."

ते लांब वाक्य मला फोन ठेवल्यावर कळलं. तळहात का हलवत होते तेही. असू असं नाय, नसू असंबी नाय. रोज सकाळी बोलायचे ते वाक्य. माझ्या लहानपणापासून ते भोंग्यावरून ऐकत आले होते. ओठांवरून मात्र मला ते वाचता आलं नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. ऊन तसंच. काकू भेटायला आली. जवळ बसली आणि जोरात बोलायला लागली, नानांना ऐकू येत नाही असं समजून सगळेच तसं बोलायचे. "लय उपकार झाले नाना! तुमच्यामुळं फुलं वाचली माझी. असा धो धो आला, काय सांगू! सगळं तळं झालं होतं." मी आईकडे बघितलं. आईनं चहाचा कप खाली ठेवला.

नानांनी ऐकून घेतलं. मग उठले, चप्पल घातली आणि सावकाश चालत बांधाकडे गेले. मी आणि काकू मागोमाग. काकूच्या झेंडूची नुसती झाडं उभी होती, फुलं नाहीत. नाना वाकले. एका पानावर बोट फिरवलं आणि बोट बघितलं. पानावर धूळ होती, महिन्याभराची, पिठासारखी. कुठलाही पाऊस त्या पानाला लागलेला नव्हता. त्यांनी खालची माती चपलेनं उकरली. तीही कोरडी.

काकू म्हणाली, "नाना, अहो..."

नानांनी बोट पायजम्याला पुसलं. तिच्याकडे वळून हात जोडले. मग होकाराची मान हलवली, हो, आला होता पाऊस. तिचं खोटं त्यांनी ठेवून घेतलं. भोंग्यावरून एकदाही खोटं न बोललेल्या माणसानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर चुलीपाशी होते. भोंगा सुरू झाला. टक टक. मग काहीच नाही, नुसती घरघर, आणि त्या घरघरीत एक श्वास. आत, बाहेर. गळ्यातल्या छिद्राचा तो आवाज सगळ्या शिवारात पसरला. आईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "जा," ती म्हणाली. "धाव."

नाना माइकसमोर उभे होते. गुरवबाबा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. नानांनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं आणि मला पुढे ओढलं. मी अंदाज वाचला. हवामान मुख्यतः कोरडं, तापमान जास्त, दुपारनंतर तुरळक ठिकाणी हलका पाऊस.

"राम राम मंडळी. आज कोरडं राहील. ऊन आहे. दुपारनंतर तुरळक ठिकाणी सांगितलाय." इथं मी नानांकडे बघितलं. नानांचे ओठ शेजारी हलत होते. आता मला येत होतं. "तुरळक म्हणजे आपण त्यात असू असं नाही, आणि नसू असंही नाही. ज्यानं त्यानं आपल्या पिकाकडे बघून ठरवा. सिन्नरकडे पाठ करून बसू नका!"

माइक बंद केला. पाराखाली काकू उभी होती, पाण्याची कळशी घेऊन.

"ए पोरी," ती म्हणाली, "हवामान सांगती का मोर्चा काढती? म्हातारी माणसं हेत गावात. केवढ्यानं वरडली."

नाना हसले. खांदे गदगदा हलले, डोळ्यांत पाणी आलं. आवाज नव्हता.